बगळ्यांचा घमघमाट

रविवारी सकाळी उसुई तेत्सुरोंच्या जेवणाच्या टेबलावर न्याहारीऐवजी बंदुका मांडल्या होत्या, आणि त्यांची बायको चिझुको टेबलाच्या उरलेल्या वीतभर कोपऱ्यावर आरसा टेकवून केस विंचरत होती. न्हाणीघरातल्या मोठ्या आरशापुढे तिला जागा नव्हती. तिथे टॉवेलच्या दांडीवर बंदुकांच्या नळ्या वाळत होत्या.

"अहो, लोकांच्या न्हाणीघरात टॉवेल वाळतात," चिझुको म्हणाली.

"नळीत ओल राहिली की छर्रा वाकडा जातो."

"तुमचा तसाही वाकडाच जातो."

बंदुका खेळातल्या होत्या. दिसायला हुबेहूब खऱ्या, पण झाडायच्या लहान वाटाण्याएवढे प्लास्टिकचे छर्रे. साकुरा गावात चष्म्याचं दुकान चालवणारे उसुईसान दर महिन्याला गावाबाहेरच्या रानात 'बगळे' संघातून लढायला जात, आणि संघात आल्यापासून त्यांचा एकही छर्रा कुणाला लागलेला नव्हता. तरी संघाने त्यांना ठेवून घेतलं होतं, कारण त्यांच्यासारखी बंदूक साफ करणारा दुसरा कोणी नव्हता. सामन्याआधी सगळ्यांच्या बंदुका त्यांच्या घरी येत. ते त्या खोलत, गजाला फडक्याची पट्टी गुंडाळून नळीतून फिरवत, पट्टी पांढरीशुभ्र बाहेर येईपर्यंत फिरवतच राहत, आणि शेवटी छर्ऱ्याला गिरकी देणाऱ्या इवल्याशा रबरावर सिलिकॉन तेलाचा एक थेंब सोडत. तो थेंब सोडताना त्यांचा चेहरा देवाला फूल वाहणाऱ्या माणसासारखा होई.

पण यंदा त्यांची झोप उडाली होती. संघाचे कर्णधार ओनुकी यांच्या भाचेजावयाला बगळ्यांत यायचं होतं. भाचेजावई चांगला नेमबाज होता आणि स्पर्धेत सहाच जण उतरवता येत. "आजचा सामना बघू, मग ठरवू," असं ओनुकी म्हणाले होते, आणि म्हणताना त्यांनी उसुईसानांकडे बघणं टाळलं होतं. म्हणून उसुईसानांनी आज बंदुका अशा करायच्या ठरवल्या होत्या की ओनुकींच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे.

चिझुकोचीही गडबड होती. तिच्या शाळेच्या वर्गमैत्रिणींचा मेळावा होता. तिने चहाचे पेले उचलले, टेबल पुसलं, पुसताना दोन-चार वस्तू इकडच्या तिकडे केल्या. त्यात तिची त्सुबाकी या फुलझाडाच्या सुवासिक केशतेलाची बाटली होती आणि उसुईसानांची सिलिकॉन तेलाची बाटलीही होती. दोन्ही सारख्याच, काचेच्या, ठेंगण्या, थेंब सोडायच्या नळीच्या. उसुईसानांच्या चष्म्यावर नेमका तेलाचा शिंतोडा उडाला होता, म्हणून तो त्यांनी काढून ठेवला होता. आणि त्यांचं नाक म्हणाल, तर देवदाराच्या परागांचा मोसम असल्याने ते महिनाभर ठार बंद होतं.

"हे तेल जुनं झालंय वाटतं," केसांना हात लावत चिझुको म्हणाली. "वासच येत नाही."

"मला तर कशाचाच येत नाही," उसुईसान म्हणाले आणि त्यांनी पाचव्या बंदुकीच्या रबरावर थेंब सोडला. मग आजचा दिवस विशेष म्हणून आणखी दोन सोडले.

दुसऱ्यांच्या पाच बंदुका चकचकीत झाल्या तेव्हा निघायची वेळ झाली होती. त्यांची स्वतःची बंदूक मागच्या खेळाच्या चिखलासकट पिशवीतच राहिली.

रानात बगळे जमले. रुग्णालयात परिचारिका असलेल्या माकिनोने आपली बंदूक हातात घेतली आणि दीर्घ श्वास घेतला.

"अय्या, कुणी अत्तर लावलंय?"

"तूच लावलं असशील," ओनुकी म्हणाले. त्यांचं दारूचं दुकान होतं आणि सुवास म्हटला की तो बायकांचा, अशी त्यांची समजूत होती.

"मी ड्यूटीवरून आलेय सरळ. माझ्या अंगाला जंतुनाशकाचा वास येतो."

तेवढ्यात उसुईसानांचा फोन वाजला.

"अहो," पलीकडून चिझुको दबक्या आवाजात म्हणाली, "माझ्या केसांत पिना राहत नाहीयेत. लावली की घसरतेय. आत्ता एक सूपमध्ये पडली. मी बाटली पर्समध्ये आणलीय, तिच्यावर बारीक अक्षरात 'रबरासाठी सुरक्षित' असं लिहिलंय. हे काय आहे?"

उसुईसानांनी चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला, आपल्या पेटीतली बाटली काढली आणि वाचली. 'मुळापासून टोकापर्यंत रेशमी केस.'

"अगं, मी तुला नंतर फोन करतो."

"केस गळतील का, तेवढं सांगा!"

"नाही, नाही. पण जपून. दाराला टेकू नकोस, घसरशील."

ते ओनुकींकडे धावले. "कर्णधार, घोटाळा झालाय. सगळ्यांच्या बंदुकांत मी बायकोचं केसांचं तेल घातलंय."

ओनुकी खो खो हसले. मग त्यांनी उसुईसानांच्या पाठीवर एवढी जोरात थाप मारली की त्यांचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला. "अरे वा! उसुईसान विनोद करायला लागले! सामन्याआधी मन हलकं करायला माणूस पाहिजे तो असा!"

"विनोद नाही हो—"

शिट्टी झाली.

समोरचा संघ होता 'डोमकावळ्यां'चा. दोन्हीकडे मागे एकेक झेंडा, झेंड्याच्या काठीला भोंग्याचं बटण. समोरच्याचा भोंगा वाजवायचा की सामना जिंकला. छर्रा लागला तर ज्याला लागला त्यानेच हात वर करून 'हिट!' ओरडायचं आणि बाहेर जायचं. पंच बघत नसला तरी ओरडायचं. या रानात खोटं बोललेला माणूस गावात तोंड दाखवू शकत नसे.

ओनुकींनी पहिला कावळा हेरला, नेम धरला आणि चाप ओढला. छर्रा नळीतून बाहेर आला, चार पावलं गेला आणि दमल्यासारखा गवतात बसला. ओनुकींनी पुन्हा ओढला. दुसरा पहिल्याच्या शेजारी जाऊन बसला.

"उसुईसान!" ते ओरडले. "हा विनोद नव्हता?"

त्या ओरडण्याने त्यांची जागा कळली आणि लगेच त्यांना स्वतःलाच 'हिट!' म्हणावं लागलं.

उरलेल्यांनी लपायचं ठरवलं. पण डोमकावळ्यांचे कर्णधार हानाफुसा यांची रोपवाटिका होती. उभा जन्म झाडांत गेलेला माणूस. झुडपांच्या कडेने चालता चालता ते थबकले आणि त्यांनी नाक वर केलं.

"त्सुबाकी," ते आपल्या माणसांना म्हणाले. "या रानात त्सुबाकीचं एक झाड नाही. असलं तरी त्याच्या फुलांना एवढा वास नसतो. हा बाटलीतला आहे. वाऱ्याच्या दिशेने चला."

मग शिकारच झाली. खंदकात लपलेले दोघे बगळे वासावर सापडले. मोडक्या गाडीमागचा एक सापडला. माकिनो झाडावर चढून बसली होती. हानाफुसा बरोबर तिच्या खाली येऊन थांबले आणि अदबीने म्हणाले, "बाई, खाली या. फांदी कच्ची आहे."

उसुईसान मात्र कुजक्या बांबूंच्या ढिगाखाली पालथे पडून होते. एकेक 'हिट' ऐकताना त्यांना प्रत्येक वेळी वाटे, हा माझ्यामुळे. भाचेजावयाचा हसरा चेहरा त्यांच्या डोळ्यांपुढे येई. इतक्यात पाचोळा वाजला. हानाफुसांचे बूट त्यांच्या नाकासमोर येऊन उभे राहिले.

हानाफुसांनी डावीकडे हुंगलं, उजवीकडे हुंगलं. "इकडे कुणी नाही," ते मागे ओरडले. "इथे नुसता चिखलाचा वास आहे. त्या ओढ्याकडे जा, तिकडे शोधा!" आणि ते बुटाची नाडी बांधायला खाली वाकले.

नाडी बांधणाऱ्या माणसावर गोळी झाडणं उसुईसानांच्या संस्कारांत बसत नव्हतं. ते नाडी बांधून व्हायची वाट बघत राहिले. हानाफुसांनी गाठ मारली, दुसरी मारली आणि उठताना त्यांची नजर थेट बांबूंमधल्या दोन चष्म्याच्या भिंगांना भिडली.

"माफ करा," उसुईसान म्हणाले आणि चाप ओढला.

मळकी, बिनतेलाची, चिखलाने माखलेली बंदूक एकदा कुरकुरली आणि छर्रा सरळ हानाफुसांच्या पोटावर गेला.

"हिट," हानाफुसा आश्चर्याने म्हणाले. मग नियमाची आठवण होऊन त्यांनी ते पुन्हा मोठ्याने म्हटलं.

उसुईसान ढिगाखालून निघाले. बाकीचे कावळे ओढ्याकडे सुवास शोधत गेलेले. कावळ्यांच्या झेंड्यापाशी कुणीच नव्हतं. ते चालत गेले, चष्मा सावरला आणि बटण दाबलं. भोंगा एवढ्या मोठ्याने वाजला की त्यांनी दचकून भोंग्याचीही माफी मागितली.

बगळ्यांनी त्यांना उचलून घेतलं. ओनुकींच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं.

"तुम्हाला काढायचा विचार केला होता मी, मूर्ख मी!" ते म्हणाले. "उसुईसान, आजपासून तुम्ही आघाडीवर. सगळ्यांच्या पुढे!"

"आणि बंदुका?" उसुईसानांनी विचारलं. "या पाचही उघडून धुवाव्या लागतील. रबरं बदलावी लागतील. आज संध्याकाळीच घेऊन जातो मी."

"तुम्ही? छे! आघाडीच्या वीराने फडकी मारायची? ते भाचेजावई करेल. त्याला त्यासाठीच घेऊ राखीव म्हणून."

उसुईसानांचा चेहरा पडला. तो इतका पडला की माकिनोने त्यांची नाडी बघितली.

घरी चिझुको त्यांच्या आधीच पोचली होती. पिना सगळ्या गळाल्या होत्या, पण मोकळे केस असे चमकत होते की मैत्रिणींनी तिला घेरलं होतं. "कुठलं तेल, कुठलं तेल, नुसतं डोकं खाल्लं माझं. मी काय सांगणार, नवऱ्याच्या बंदुकीचं?" ती आनंदात होती. नवऱ्याकडे बघून थांबली. "हरलात का हो?"

"जिंकलो," उसुईसान म्हणाले आणि रिकाम्या टेबलाशी जाऊन बसले.

पुढचे दिवस त्यांनी दुकानातले सगळे चष्मे दोन-दोनदा पुसून काढले. पण चष्म्याला नळी नसते.

मग एका सकाळी दुकानाचं दार लोटून हानाफुसा आत आले. हातात लांबट पिशव्या होत्या. त्यांनी आधी रस्त्यावर डोकावून पाहिलं, मग पिशव्या काचेच्या टेबलावर ठेवल्या आणि खोल वाकून नमस्कार केला.

"मी नंतर चौकशी केली," ते हळूच म्हणाले. "नजरचुकीने काय झालं ते कळलं. पण त्या दिवशी बाहेर बसलो होतो तेव्हा मी तुमच्या माणसांच्या बंदुका हातात घेऊन बघितल्या. नळ्या आरशासारख्या. आमच्याकडे कुणाला येत नाही हो हे."

"अहो, पण मी बगळा आहे!" उसुईसान हादरून म्हणाले. "तुम्ही कावळे. पुढच्या महिन्यात आपलाच सामना आहे. ओनुकींना कळलं तर? शक्य नाही. या पिशव्या उचला."

हानाफुसा मान खाली घालून पिशव्या आवरू लागले. आवरताना एका बंदुकीची नळी बाहेर आली आणि उसुईसानांनी सवयीने ती उजेडाकडे धरून आत पाहिलं.

"अरेरेरे," त्यांच्या तोंडून निघालं. "ही कधी साफ केली होती?"

"साफ करायची असते, हे आम्हाला गेल्या वर्षी कळलं."

उसुईसान बराच वेळ नळीतून बघत राहिले. मग ते उठले, दाराला आतून कडी घातली, पडदा ओढला आणि काचेवर पाटी उलटी करून लावली.

डोळे दाखवायला आलेली एक म्हातारी दुपारपर्यंत बाहेर बाकावर बसून होती. पाटीवर लिहिलं होतं, 'आत नाजूक तपासणी चालू आहे.' आतून मधूनच सुखाने गुणगुणण्याचा आवाज येत होता.