बंदराला पाय फुटले

"वादळ येऊ दे, जहाज आदळू दे, माझं बंदर तसूभर हलणार नाही!" गेली दोन वर्षं बंदरवाल्या बाई भेटेल त्याला हे ऐकवत होत्या. समोरचा बिचारा नुसता भाजी घ्यायला निघालेला असला तरी त्याची सुटका नसे.

बाईंचं बंदर म्हणजे खाडीत तरंगणारा, दोन खोल्यांएवढा फलाट. हा नुसता नमुना. खरं बंदर याच्या पन्नासपट व्हायचं होतं. पाण्यात भराव नाही, तळाशी खोदकाम नाही. चार जाड दोर काठावरच्या खांबांना बांधलेले आणि त्या दोरांवर शेवाळ! ते मुद्दाम वाढवलेलं, माशांच्या पिल्लांना आसरा म्हणून. बाईंनी त्याची पोटच्या पोरासारखी निगा राखली होती.

आज तपासणीचे साहेब येणार होते. त्यांचा शिक्का बसला तर खाडीतली जागा बाईंची. नाही तर सोमवारपासून तिथे दुसऱ्या कुणाच्या मोटारबोटी.

साहेब आले. चेहरा असा, की आताच इस्त्री करून घडी घातलाय. फलाटावर खुर्च्या मांडल्या होत्या. सासूबाई चहाची किटली घेऊन बसल्याच होत्या.

"साहेब, कप काठोकाठ भरते," बाई म्हणाल्या. "एक थेंब सांडला तर नाव बदलीन!"

थेंब सांडला नाही. साहेब फक्त एवढंच म्हणाले, "बाई, ते झाड मघाशी डावीकडे होतं ना?"

बाईंनी मान वळवली. झाड मागे चाललं होतं. झाडापाठोपाठ खांब, आणि खांबापाठोपाठ खुद्द बाईंची स्कूटर!

"आई! दोर कुठायत?"

"टबात भिजत घातलेत," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "पहाटेपासून गाठी सोडतेय, नखं तुटली माझी. साहेब यायचे आणि दोरांवर हे एवढं शेवाळ! दोन वर्षांत एकदा फडकं मारलं नाहीस, सूनबाई."

"अहो आई, ते मी वाढवलं होतं!"

"तेच म्हणतेय मी. वाढू दिलंस!"

"मग आता बंदर कशाने बांधलंय?"

"कपड्यांच्या दोरीने. कोरी आहे! तुझ्या सासऱ्यांची ओली गोधडी पेलते ती, हे काय चीज आहे?"

ती दोरी दोन चिमट्यांसकट फलाटामागून आज्ञाधारकपणे पोहत येत होती.

आणि समोर नांगर टाकून एक मालवाहू जहाज उभं! साहेबांनी फाईल छातीशी धरली. बाईंनी डोळे मिटले. दोन वर्षं, गहाण पडलेला दागिन्यांचा डबा, नवऱ्याचे टोमणे, सगळं डोळ्यांसमोरून गेलं. आता धडकणार... आता...

पण फलाट आपल्या कडेच्या जुन्या टायरांवर जहाजाला असा अलगद टेकला, की झोपलेलं मूलही कूस बदलणार नाही.

जहाजाचा कप्तान दात घासता घासता कठड्यावरून वाकला. "अहो! तीस वर्षं मी बंदरांकडे जातोय. बंदर माझ्याकडे आलेलं आज पहिल्यांदाच बघतोय!"

"आलोच आहोत तर चहा घ्या," सासूबाई म्हणाल्या.

साहेबांनी आपल्या कपाकडे पाहिलं. काठोकाठ! बशी कोरडी! घडी घातलेला चेहरा हळूहळू उलगडला. "कमाल आहे, बाई! असा स्थिर फलाट मी उभ्या नोकरीत पाहिला नाही!" आणि त्यांनी तिथल्या तिथे कागदावर धाडकन शिक्का मारला.

बाईंचे डोळे भरून आले. सासूबाईंनी त्यांच्या पाठीवर हात फिरवला. "बघ, स्वच्छतेचं चीज होतं की नाही!"

बाईंनी डोळे पुसून कागद वाचला. 'प्रकार' या रकान्यापुढे साहेबांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं : जहाज.

"साहेब, जहाज?"

"तरंगतं, चालतं, माणसं वाहून नेतं. कायद्यात त्याला जहाजच म्हणतात," साहेब प्रेमाने म्हणाले. "आता एकच करा. हे जवळच्या बंदरात नेऊन बांधा, म्हणजे तुम्ही सुटलात."

"जवळपास बंदर नाही, साहेब."

"एकही नाही?"

"एकही नाही," बाई म्हणाल्या. "म्हणून तर मी हे बनवलं!"