बाबांच्या जावाची मूळ चकाकी

नट-बोल्टना कुठली चकाकी द्यायची, एवढंच मला ठरवायचं होतं. लग्न कुणाशी करायचं हे मी सव्वा तासात ठरवलं होतं (त्यातला तासभर मुलीकडच्यांच्या कुत्र्याला घाबरून खुर्चीवर पाय घेऊन बसलो होतो). पण नट-बोल्टना सहा महिने लागले, कारण गाडी बाबांची होती.

बाबा म्हणजे सगुण कंपाउंडर. पेडण्यात गुरांच्या दवाखान्यात होते. कोरगाव, पार्से, तुये, धारगळ, जिथं गाय अडली तिथं त्यांची एकाहत्तर सालची जावा मोटरसायकल पोचायची. लहानपणी मी टाकीवर बसायचो. मागून फिनेलचा आणि ओल्या गवताचा वास यायचा, आणि समोर ते हँडल. बाबा गेल्यावर गाडी कोरगावच्या घरामागं छपराखाली पडून राहिली. आईला ऐंशी पूर्ण होणार म्हटल्यावर मी ठरवलं, गाडी डिचोलीला आपल्या घरी आणायची, होती तश्शी करायची, आणि वाढदिवसाला तिच्या दारात उभी करायची. आईला सांगितलं, पावसात भिजतेय, माझ्याकडे ठेवतो. ती म्हणाली, "व्हर बाबा." म्हणजे, ने बाबा.

पहिले दोन आठवडे मी घासण्यात घालवले. प्रत्येक लोखंडी भागावर कुणीतरी राखाडी रंगाची पुटंच्या पुटं चढवली होती. थिनर, तारेचा ब्रश आणि अनेक शिव्या खर्ची घालून मी ती काढली. खाली गंज, आणि गंजात मधेमधे मूळ चकाकीचे ठिपके. "कुण्या अडाण्यानं फासलंय हे," मी गौरवीला म्हणालो. गौरवी म्हणजे माझी बायको. ती म्हणाली, "अंगण झाडून घ्या."

आता प्रश्न आला चकाकीचा. डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत हरी नावाचा एक बेळगावकडचा माणूस प्लेटिंगचं काम करतो. त्याच्याकडे मी ब्रेकचा पाय घेऊन गेलो (गाडीचा).

"क्रोम मारू की साहेब," हरी म्हणाला. "आरशासारखं होतंय बघा. दाढी करायची त्यात."

"मला दाढी करायची नाही. मला एकाहत्तर सालचं पाहिजे."

"मग कसलं होतं एकाहत्तर साली?"

मी ब्रेकचा पाय उलटासुलटा करून बघितला. हरीनं समजावलं की आधी तांब्याचा थर, त्यावर निकेल, त्यावर क्रोम. क्रोमला निळसर झाक, निकेलला किंचित पिवळी, उबदार. नट-बोल्टना जस्ताची फिकट झाक. तुम्ही म्हणाल तिथं थांबतो, तो म्हणाला. पण कुठं थांबायचं हे आयुष्यात मला कधीच कळलेलं नाही.

मी पुरावे गोळा करायला लागलो. जुन्या मोटरसायकलवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारलं. दोनशे सभासदांनी तीनशे मतं दिली, आणि दोघांनी एकमेकांशी बोलणं सोडलं. बाबांचा गाडीवरचा एकुलता एक फोटो स्टुडिओत नेऊन टेबलाएवढा मोठा करून आणला. तो कृष्णधवल होता.

"यात हँडल निकेलचं वाटतं ना?" मी भिंग लावून विचारलं.

"यात मागची म्हैससुद्धा निकेलची वाटते," गौरवी म्हणाली.

शेवटी मी स्वतःच्या आठवणीवर भरवसा ठेवला. डोळे मिटले की ते हँडल दिसायचं. मऊ, दुधाळ, जराही डोळ्यांत न घुसणारं. म्हणजे निकेलच. क्रोम असं दिसतच नाही.

हरीनं एक अट घातली. "गंज मात्र हळू काढा साहेब. कडक अ‍ॅसिडात टाकलं तर धार जाते, अक्षरं जातात." म्हणून मी सौम्य आंबट पदार्थ शोधू लागलो, आणि कोठीच्या खोलीत मला चिनी मातीची मोठी बरणी सापडली. तिच्यात गौरवीनं उन्हाळ्यात घातलेलं आगळ होतं. कोकमाचा रस आणि मीठ, वर्षाची बेगमी. आंबट आहे, खारट आहे, आणि बायकोनं केलंय म्हणजे जोरदारही असणार. मी लिव्हर, पेडल आणि ओंजळभर नट-बोल्ट सुतळीला बांधून आत सोडले. दोनच दिवस, असं ठरवलं.

दोन दिवसांनी गंज असा गेला होता की मी कोठीत एकटाच हसलो. आगळ मात्र लालाचं काळं, शाईसारखं झालं होतं. पुरुषानं अशा वेळी बायकोला जाऊन सांगायला हवं. मी झाकण लावलं.

रविवारी नार्व्याहून माझा मेहुणा सिद्धेश जेवायला आला. बांगडे तळलेले, भात, आणि गौरवी वाट्यांतून सोलकढी घेऊन आली. नेहमी ती गुलाबी असते. त्या दिवशी ती भरून आलेल्या आभाळाच्या रंगाची होती.

"नारळ जुना असेल," गौरवी वाटीकडे बघत म्हणाली.

"असेल असेल," मी म्हणालो. सिद्धेशनं वाटी तोंडाकडे नेली तेव्हा माझ्यातला सद्गृहस्थ जागा झाला. "थांब. पिऊ नकोस."

"का भावोजी?"

तेवढ्यात त्याच्या वाटीत टण्ण वाजलं. त्यानं चमच्यानं तळ ढवळला आणि एक नट बाहेर काढून केळीच्या पानावर ठेवला. सुतळीतून तो निसटला असावा. तिघंही त्याच्याकडे बघत राहिलो.

"हे काय आहे?" गौरवीनं विचारलं.

"दहाचा नट," मी म्हणालो. "मागच्या मडगार्डचा. मी हाच शोधत होतो."

त्यानंतर काय झालं ते सांगत नाही. बरणी सुपारीच्या झाडाखाली रिकामी झाली, आणि मे महिन्यापर्यंत आमच्या घरात सोलकढी हा शब्द कुणी उच्चारला नाही. (झाडाचं काही बिघडलं नाही. माझं मात्र बरंच बिघडलं.)

पण हरीचं काम बघून सगळं विसरायला झालं. निकेलवर थांबलेले ते भाग मी कापडातून उलगडले, आणि गौरवीसुद्धा हात पुसत बघायला आली. "छान दिसतंय," ती म्हणाली. आमच्या घरी हे भारतरत्नासारखं आहे.

वाढदिवसाच्या सकाळी आम्ही दोघं गाडीवर निघालो. म्हापशाच्या गर्दीत लोक वळून बघत होते. कोलवाळचा पूल ओलांडला आणि वाऱ्याला ओळखीचा वास यायला लागला. कोरगावच्या दारात मी हॉर्न दिला. आई सोप्यावर आली, चष्मा पुसला, पायऱ्या उतरून गाडीभोवती एक फेरी मारली.

"कोणाची गाडी मागून हाडलंस रे?"

"कुणाची म्हणजे? बाबांची."

तिनं हँडलवर हात फिरवला आणि काढून घेतला. "न्हय. ही तुज्या बापाशीची न्हय."

माझा चेहरा बघून गौरवीनं विचारलं, "आई, मग ती कशी होती?"

आई पायरीवर बसली. गाडी नवी आली तेव्हा अशीच लखलखीत होती, ती सांगू लागली. पहिल्याच दिवशी बाबा पार्श्याला एका बैलाला टोचायला गेले. उन्हात हँडल असं चमकलं की बैल दावं तोडून शेतात. पाठोपाठ शेजारच्या दोन गायी. पुढं पुढं तर जावा वळणावर दिसली की गोठेच्या गोठे बुजायचे. गुरांचा कंपाउंडर, आणि गुरं त्यांचं तोंड बघेनात.

"मगे दर चवथीक तो गेटीक चंदेरी रंग काडी, आणि उरलेलो गाडयेक लायी," आई म्हणाली. "चाकांक तो, हँडलाक हांव. थंय बसून. तू टाकयेर बसून रडी, तुकाय जाय म्हणून."

तेव्हा मला कळलं की मी दोन आठवडे तारेच्या ब्रशनं काय खरवडून काढलं होतं. अडाण्यानं फासलेला तो रंग माझ्या आई-बाबांनी दोघांनी मिळून, दर चतुर्थीला, गेटचा उरलेला डबा घेऊन लावलेला होता; चाकांना बाबांनी, हँडलला आईनं, आणि मलाही ब्रश हवा म्हणून मी टाकीवर बसून रडायचो. आणि ती मऊ दुधाळ चकाकी निकेलची नव्हती, गेटच्या रंगाची होती.

मी बाजारात जाऊन चंदेरी रंगाचा डबा आणि ब्रश आणला. आईनं पदर खोचला, पाटावर बसली, आणि हँडलवर पहिला पट्टा ओढला. सहा महिन्यांचं निकेल माझ्या डोळ्यांदेखत बुडत गेलं. ती मधेच थांबे, ब्रश डब्याच्या काठाला निपटे, आणि बाजूला बघून काहीतरी बोलल्यासारखं करी. मी चाकांजवळ बसून चाकं रंगवली. रंग टायरवर सांडला, तारांवर ओघळला.

"आता जाली," ती म्हणाली. संध्याकाळी रंग सुकल्यावर ती माझ्या मागं एका बाजूला पाय सोडून बसली आणि आम्ही देवळापर्यंत जाऊन आलो. वाटेत एक गाय बांधली होती. तिनं मान वर करून बघितलं आणि चरायला लागली. आई मागून हळूच हसली.

डिसेंबरात म्हापशात जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरलं. ग्रुपवाल्यांच्या आग्रहानं मी गाडी नेऊन उभी केली, दोन्ही बाजूंना आरशासारख्या गाड्या. पुण्याहून आलेले परीक्षक माझ्यापाशी आले, ओघळलेल्या रंगावर बोट फिरवलं आणि गहिवरले. मूळ स्थितीत जपलेल्या गाडीचं पहिलं बक्षीस मला जाहीर झालं. मी सांगायला गेलो की साहेब, मी सहा महिने... तर त्यांनी माझा खांदा थोपटला. "लोकांचे हात शिवशिवतात हो. तुम्ही तिला हातसुद्धा लावला नाहीत, याचंच कौतुक."

मी प्रमाणपत्र घेऊन खाली उतरलो. गौरवीनं ते दोनदा वाचलं.

"काही न केल्याबद्दल बक्षीस," ती म्हणाली. "अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत तुमच्या ऑफिसला सुचलं नाही, ते यांना एका सकाळीत सुचलं."