फोनांचं पाळणाघर

स्वप्नाचा जुना मोबाइल आठवड्यातून तीन दिवस ठाण्याच्या ऑफिसात जायचा आणि स्वप्ना दिव्याच्या घरी बसून त्या ऑफिसचं काम करायची. ही व्यवस्था दोघांनाही मानवली होती.

कंपनीचा नियम होता, तीन दिवस ऑफिसात यायचं. कोण आलं, कोण नाही, हे मोबाइलमधलं ॲप ठरवणार होतं. फोन इमारतीच्या वायफायला जोडला गेला की हजर, तुटला की बाहेर. स्वप्नाने बी.एस्सी.च्या सवयीने नियम दोनदा वाचला. त्यात माणसाचा उल्लेख कुठेच नव्हता.

आधी तिने सरळ मार्गाने जाऊन पाहिलं होतं. तीन वर्षांच्या कृतिकाला उत्तरामावशींच्या पाळणाघरात ठेवलं. पण मावशी अर्धा आठवडा मूल घेत नसत. "महिन्याचे पूर्ण पडतील. जागा अडते ना गं," त्या म्हणाल्या. सात वाजून गेले की उशिराचे वेगळे. पगारातून हे सगळं वजा केलं की येण्याजाण्यापुरतं उरायचं. म्हणजे ऑफिसला जाता यावं म्हणून ती ऑफिसला जात होती.

"मग सोडतेस का नोकरी?" तिच्या नवऱ्याने, रत्नदीपने विचारलं. तो खोपटच्या एसटी डेपोत मेकॅनिक होता.

"तू सोड."

"मी सोडून काय करू? बस घरी आणून दुरुस्त करू?"

"माझं काम तर घरी होतं. मग मी तरी का सोडू?"

यावर तोडगा विनीतने काढला. विनीत तिच्याच टीममधला, खोपटला राहणारा, बिनलग्नाचा. तो म्हणाला, "ताई, तुमचा जुना फोन द्या माझ्याकडे. मी जातोच ना रोज. डब्याच्या पिशवीत टाकीन."

बातमी फुटली. महिन्याभरात विनीतच्या पिशवीत आठ फोन झाले, सगळे लहान मुलांच्या आयांचे आणि बापांचे. विनीतने थोडे पैसे घ्यायला सुरुवात केली आणि नियमही केले. चार्जर सोबत पाठवायचा. बॅटरी फुगलेला फोन आणायचा नाही, इतरांना त्रास होतो. सोमवारी ग्रुपवर त्याचा मेसेज यायचा, 'सगळे पोचले. क्षिप्राताईंचा जरा गरम लागतोय, बघतो.'

असं सुरळीत चाललेलं असताना एका दुपारी मेल आला. तळमजल्यावरच्या स्टोअररूममध्ये कंपनीचं स्वतःचं, मोफत पाळणाघर करायचा विचार होता. ज्या पालकांना हवं असेल त्यांनी आज तीन वाजता हॉलमध्ये येऊन सांगावं.

स्वप्नाने मेलही दोनदा वाचला. कृतिका खाली, आपण वर. जेवायच्या सुट्टीत तिला भेटता येईल. फोनला नाही, आपल्याला ऑफिसला जाता येईल.

ग्रुपवर लगेच सुरू झालं. 'कोणीतरी जा ना प्लीज.' 'माझ्या पिंट्याला ताप आहे.' 'मी आंबिवलीहून तीनपर्यंत कशी पोचू?' सगळे घरी होते, कारण सगळ्यांचे फोन ऑफिसात होते.

"चल," स्वप्ना कृतिकाला म्हणाली. "तुझी शाळा मागायला जाऊ."

तिने गेट गाठलं तेव्हा तीनला थोडा वेळ होता. गेटवरच्या तानाजीकाकांनी टॅबवर तिचं नाव शोधलं आणि चष्मा वर केला.

"मॅडम, तुम्ही आत आहात."

"मी तुमच्यासमोर उभी आहे, काका."

"ते दिसतंय. पण दहा वाजल्यापासून आत आहात. हे बघा, हिरवं."

"हे माझं कार्ड बघा ना."

"कार्ड आता नुसतं गळ्यात घालायला. आत असलेल्या माणसाला परत आत सोडलं तर माझी नोकरी जाईल. तुम्ही आधी बाहेर या."

खरं सांगितलं तर एकीची नाही, आठ जणांची नोकरी जात होती, विनीतची धरून नऊ. तिने विनीतला फोन लावला. वाजत राहिला. परत लावला. तोपर्यंत कृतिकाने काकांच्या खुर्चीवर बसून त्यांची शिट्टी तोंडात घातली होती.

"आई, आपण आत आहोत का?"

"मी आहे. तू नाहीस," स्वप्ना म्हणाली.

साडेतीनला विनीत धावत खाली आला. हातात तिचा जुना फोन, चेहऱ्यावर विजयी हसू. "ताई, मिस्ड कॉल बघितले. मोबाइल सायलेंटवर होता, मी मीटिंगला गेलेलो. काही टेन्शन घेऊ नका, तुमची सगळ्यांची हजेरी लावली. आठही फोन हॉलमध्ये नेलेले."

"हॉलमध्ये?"

"हो ना. पालकांची मीटिंग, गैरहजर कसं चालेल? एचआरच्या ऋजुता मॅडम पुण्याहून स्क्रीनवर होत्या. त्यांना ॲपवर आठही नावं हजर दिसली, खूश झाल्या. मग विचारलं, पाळणाघर हवंय त्यांनी बोला."

"मग?"

"कोण बोलणार? मी एकटाच बसलेलो."

"अरे, तू बोलायचंस."

"मला कुठे मूल आहे, ताई? त्यांनी तीनदा विचारलं. मग म्हणाल्या, सगळे पालक हजर आहेत आणि कोणालाच नको दिसतंय. रद्द केलं, सर्वानुमते."

स्वप्नाने कृतिकाच्या तोंडातून शिट्टी काढली, पदराने पुसली आणि काकांना परत दिली. मग विनीतकडून स्वतःचा फोन घेतला. वायफाय इथवर पोचत नव्हतं. तानाजीकाकांच्या टॅबवर तिचं नाव हिरव्याचं लाल झालं.

"बघा, आलात आता बाहेर," काका समाधानाने म्हणाले. मग टॅब जरा जवळ धरून त्यांनी पुन्हा वाचलं. "पण मॅडम, सहाच्या आधी निघालात. आज तुमचा हाफ डे कापला."