पहिल्या अंकातलं मयत

भीमानं शेवटची गाठ ओढली, दोन पावलं मागं सरला आणि तिरडीकडं समाधानानं पाहिलं. शेवगावात कुणी गेलं की तिरडी बांधायला भीमालाच बोलावतात. नाटकासाठी बांधायची वेळ त्याच्यावर पहिल्यांदाच आली होती, आणि नाटकात ती वेगळी बांधायची असते हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

तिरडीवर अजिनाथ होता. पायापासून गळ्यापर्यंत पांढऱ्या कापडात गुंडाळलेला, वर फुलं, गुलाल, तोंडावर एडविन सरांनी स्वतः फासलेली राखाडी पावडर, आणि त्यावर पातळ पांढरा रुमाल.

"आता सोड त्याला," सर म्हणाले. "एकदा उठून गाऊ दे, म्हणजे निघू."

"सोडायच्या गाठी न्हाईत त्या," भीमा म्हणाला. "सुतळी भिजवून बांधलीय. तिथं गेल्यावर कोयत्यानं कापत्यात."

एडविन सर शाळेत शिकवत आणि उरलेल्या वेळात नाटक बसवत. यंदा त्यांनी कधीही रंगमंचावर न चढलेली पोरं गोळा केली आणि त्यांच्याकडून 'संगीत तीन तिलांजली' बसवून घेतलं. नाटक शंभर वर्षांपूर्वीचं. त्यातली बाई एकामागून एक तीन नवऱ्यांना विष देते, कुणाला सापडत नाही आणि शेवटी रंगमंचाच्या मधोमध उभी राहून आपल्याला झोप छान लागते असं गाते. पडदा उघडतो तेव्हा पहिला नवरा तिरडीवर असतो. लोक गेले की तो उठून बसतो आणि बायकोबरोबर गातो. हा प्रवेश अगदी खरा वाटला पाहिजे असं सरांचं म्हणणं होतं, म्हणून भीमाला बोलावलं होतं.

अजिनाथचा गळा चांगला होता. अडचण होती ती त्याच्या वडिलांची. तिसगावजवळ शेती करणारे श्रीमंतराव बोलायला कमी, पण एकदा बोलले की बोलले. या नाटकाचं नाव कानावर गेल्यावर त्यांनी सांगून टाकलं होतं, "त्या नाटकात उभा राह्यलास, तर त्या दिवशी तू मला मेलास." अजिनाथनं मान डोलावली होती आणि आज मित्राच्या लग्नाला राजूरला जातो म्हणून घर सोडलं होतं. आबांना, म्हणजे वडिलांना, कळलं तर घराचं दार बंद होणार हे त्याला माहीत होतं. आजचा प्रयोग गुपचूप पार पडावा एवढंच त्याचं मागणं होतं.

वेळ थोडा राहिला होता. दुसऱ्या नवऱ्याचं काम करणाऱ्या आवेजनं सुचवलं की अजिनाथला असाच बांधलेला न्यावा, पडदा उघडायच्या आधी सुतळी कापावी आणि नुसती वरून टाकून ठेवावी. सरांना ते पटलं. रुमालाखालून अजिनाथही तयार झाला. फक्त निघायच्या आधी कुणीतरी नाक खाजवा म्हणाला. आराधनानं खाजवलं. ती नाटकातली बायको. तिनं घरूनच पांढरं पातळ नेसलं होतं आणि केस मोकळे सोडले होते.

तिरडी घेऊन निघालेला आवेजच्या मामांचा, गनीभाईंचा टेम्पो बाजाराच्या तोंडाशी अडकला. पुढं कांद्याच्या गोण्या, मागं उसाची ट्रॉली. गनीभाईंनी इंजिन बंद केलं आणि आता संध्याकाळशिवाय काही हलत नाही असा निकाल दिला. सभागृह चालत जाण्यासारखं होतं. सरांनी क्षणभर विचार केला आणि तिरडी खाली उतरवायला सांगितली. पुढं सर आणि आवेज, मागं भीमा आणि गनीभाई. मागून मेकअपची पेटी घेऊन आराधना.

चार माणसं खांद्यावर तिरडी घेऊन भर बाजारातून निघाली की काय होतं, याचा सरांनी विचार करायला हवा होता. पहिल्यांदा भजीवाल्यानं कढईखालचा जाळ कमी केला. मग टोप्या उतरल्या, तराजू थांबले. एक पैलवानासारखा माणूस काही न बोलता पुढं आला आणि सरांच्या खांद्याखाली त्यानं आपला खांदा घातला. सरांनी त्याला हळूच सांगितलं की मदत नको. तो म्हणाला, "दमला असाल सर. आमाला बी घेऊ द्या." खांदा देणाऱ्याला कुणी नाही म्हणत नाही, आणि मयत कुणाचं ते रस्त्यात कुणी विचारत नाही. ते परतताना विचारायचं असतं. पन्नास पावलांत आवेज बाजूला झाला, मग गनीभाई, मग भीमा. चौकात येईपर्यंत तिरडीखाली नाटकातला एकही माणूस राहिला नव्हता आणि मागं मात्र बाजारातले निम्मे लोक होते.

चौकातून डावीकडं सभागृह. तिथं पुढचे लोक थांबले, कारण न्यायचं कुठं हेच कुणाला माहीत नव्हतं. एकानं एडविन सरांना ओळखलं आणि हे त्यांच्यातलं असेल, मिशनच्या जागेकडं घ्या म्हणाला. दुसऱ्यानं आवेज आणि गनीभाईंना पाहिलं होतं, त्याचं मत कब्रस्तानाचं पडलं. तिसऱ्यानं गुलालाकडं बोट दाखवलं आणि वाद मिटला. तिरडी उजवीकडं, अमरधामच्या रस्त्याला लागली. गर्दीत मागं पडलेले सर ओरडत होते की डावीकडं घ्या, सभागृहात न्यायचंय. लोकांना वाटलं, दर्शनासाठी ठेवायचं म्हणत असतील. एवढा मोठा माणूस गेल्याचं कुणी ऐकलं नव्हतं, म्हणून त्यांनी ते मनावर घेतलं नाही.

आराधना धावत सुटली. तिला भाजीवाल्या ज्योतीबाईंनी कंबरेला धरून अडवलं. बायकांनी तिकडं जायचं नसतं, त्यात बायकोनं तर नाहीच.

"अहो मावशी, तो मेलेला नाही. खरंच नाही मेलेला," आराधना म्हणाली.

ज्योतीबाईंनी तिला आणखी घट्ट धरलं. "पोरी, मला बी असंच वाटायचं. वरीसभर दोन मानसांचं कालवन करीत हुते."

महिनाभर तालमीत आराधनाच्या डोळ्यांतून एक थेंब आला नव्हता. सर तिला रोज त्यावरून बोलत. आता ती ज्योतीबाईंच्या खांद्यावर खरीखुरी रडू लागली आणि तिला सोडवायचं आणखीनच अवघड झालं.

वर अजिनाथ मजेत होता. डोळ्यांवर रुमाल, खाली झोका, बाजाराचा गलका नेहमीचाच. आपण सभागृहाकडं निघालोय या समजुतीनं तो मनातल्या मनात पद म्हणत होता. तेवढ्यात त्याच्या उजव्या कानाखाली कुणीतरी म्हणालं, "जरा सरका. मला बी घेऊ द्या."

अजिनाथचं पद थांबलं. तो आवाज आबांचा होता.

श्रीमंतराव बाजाराला आले होते. समोरून मयत आलं, त्यांनी पिशवी दुकानात ठेवली आणि खांदा दिला. शेजारच्या माणसाला त्यांनी विचारलं की गेलं कोण. त्याला माहीत नव्हतं, पण तरणं पोरगं आहे असं तो ऐकून होता.

"माझा बी येवढाच हाय," श्रीमंतराव म्हणाले. "राजूरला गेलाय लग्नाला." थोडं चालून म्हणाले, "हे लई हलकं लागतंय. खात नसंल धड."

अजिनाथला आता ओरडता येत होतं. तोंड मोकळं होतं. पण ओरडलं की आबांना कळणार, आणि आबांना कळण्यापेक्षा सभागृह लवकर येईल असं त्याला अजूनही वाटत होतं. मग बाजाराचा आवाज मागं पडला. वाऱ्याला राखेचा वास आला. तिरडी गारेगार दगडी ओट्यावर टेकली तेव्हा अजिनाथला आपण कुठं आहोत ते समजलं.

तिथं एका माजी नगरसेवकांनी दोन शब्द बोलायला सुरुवात केली. त्यांनी आधी चार-पाच जणांना हळूच नाव विचारलं होतं. ते कुणालाच सांगता आलं नाही, म्हणून त्यांनी नावाशिवाय भाषण केलं. दिवंगत मनमिळाऊ होते, सर्वांच्या सुखदुःखात धावून जायचे, त्यांच्या जाण्यानं तालुक्याची न भरून येणारी हानी झाली. लोकांनी माना हलवल्या. भाषण संपलं आणि मग घरची माणसं पुढं या अशी हाक झाली.

कुणी पुढं आलं नाही. ज्यानं त्यानं शेजारच्याकडं पाहिलं. प्रत्येकाला वाटलं होतं की दुसरा नात्यातला आहे. लाकडं कुणी सांगितली नव्हती. मडकं कुणाच्या हातात नव्हतं. गर्दीत कुजबुज सुरू झाली, काही जण घरी परतायचं बोलू लागले.

श्रीमंतराव पुढं झाले. "कुनी नसंल तर मी करतो समदं. कुनाचं का असंना. बेवारस कशापाई जाऊ द्यायचा?" त्यांनी नळावरून ओंजळीत पाणी घेतलं. जाणाऱ्याच्या तोंडात पाणी घालायचं असतं. ते ओट्याशी वाकले आणि अगदी हळू म्हणाले, "घे रं बाबा. कुनाचा हाईस ते म्हाईत न्हाई."

अजिनाथला ते सहन झालं नाही.

"तुमचाच हाय, आबा," तो म्हणाला.

माजी नगरसेवक सगळ्यांच्या पुढं पळाले. त्यांच्यामागं खांदेकरी, पैलवान, कट्ट्यावर बसलेली म्हातारी माणसंसुद्धा. क्षणात ओट्याभोवती नुसत्या चपला राहिल्या. श्रीमंतराव तेवढे जागचे हलले नाहीत. त्यांनी ओल्या हातानं रुमाल काढला आणि त्या राखाडी गालावरची पावडर बोटानं पुसून पाहिली.

"तू राजूरला गेल्तास ना?"

"न्हाई गेलो."

"मग मेलास कवा?"

"मेलो न्हाई, आबा. नाटक हाय. पन मी त्यात उभा न्हाई राह्यलो. पडदा उघडायच्या आधीपासनं आडवाच हाय."

श्रीमंतराव ओट्यावर बसले. एवढ्यात भीमा आणि सर धापा टाकत पोचले. भीमा कोयता काढून सुतळी कापायला वाकला, पण श्रीमंतरावांनी तो त्याच्या हातातून घेतला. प्रत्येक गाठ त्यांनीच कापली. पोरगं उठून बसलं तेव्हा त्याच्या एक थोबाडीत मारली, आणि मग त्याला छातीशी धरलं ते सोडेचनात. त्यांच्या सदऱ्यावर राखाडी पावडर आणि गुलाल लागला.

"मी तसं बोलायला नको हुतं," ते म्हणाले.

मग लिंबाच्या झाडाआडून एकेक माणूस परत येऊ लागला. सर्वांनाच राग आला होता. काही जण एडविन सरांवर धावून आले, आणि माजी नगरसेवकांना आपलं भाषण फुकट गेल्याचं दुःख होतं. श्रीमंतराव मध्ये उभे राहिले. "पोरगं माझं. मला राग न्हाई, तर तुमाला का?" यावर लोक आपापल्या चपला शोधू लागले. मग ते अजिनाथकडं वळले. "तुझं गानं कवा हाय?"

"आता. पाच वाजता."

"मग बसलाईस काय? चल."

स्मशानातून आलेला माणूस पाणी घेतल्याशिवाय कुठं शिरत नाही. सभागृहाच्या बाहेर एकच नळ होता. तिथं रांग लागली, लोकांनी डोक्यावरून पाणी घेतलं, आणि इथवर आलोच आहोत तर बघून जाऊ म्हणून आत येऊन बसले. आराधनाबरोबर ज्योतीबाई भाजीची पाटी घेऊनच आल्या. ज्या सभागृहात मागच्या नाटकाला सरांच्या घरचे आणि चहावाला एवढेच होते, तिथं आता ओल्या केसांची माणसं दाटीनं बसली. पहिल्या रांगेत श्रीमंतराव.

पडदा उघडला. तिरडीवर मोकळ्या सुतळीखाली अजिनाथ. तो उठून गाऊ लागला तेव्हा कुणी पळालं नाही. उलट टाळ्या अशा पडल्या की पेटीवाल्याचा सूर हरवला. श्रीमंतरावांनी शेजारच्याला दोनदा सांगितलं की हा आपला आहे.

दुसऱ्या अंकात आराधनानं आवेजला दुधातून विष दिलं. आवेज धडपडत खाली कोसळला, निपचित पडला. ही जागा सरांनी फार मेहनतीनं बसवली होती. पण टाळी आली नाही. सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही. सगळे जण पुढं सरकून आवेजकडं बघत होते.

"सर," पहिल्या रांगेतून श्रीमंतरावांनी काळजीनं विचारलं, "ह्यो बी उठतो ना?"

विंगेत सर संहितेची पानं उलटू लागले. मूळ नाटकात दुसरा नवरा उठत नाही. तिथंच तर सगळा अर्थ आहे, असं ते पोरांना महिनाभर सांगत होते. आराधना गाणं सुरू करायचं विसरून विंगेकडं बघत राहिली.

शंभर वर्षं मेलेल्या दुसऱ्या नवऱ्यानं मान जराशी वर केली.

"उठतो, काका," आवेज म्हणाला. "नाटक झाल्यावर उठतो. तुमी बसा निवांत."

साऱ्या सभागृहानं श्वास सोडला. श्रीमंतराव मागं टेकले. मग आराधनानं तिसऱ्या नवऱ्यालाही सावकाश विष दिलं, आणि त्याला कुणाचीच हरकत नव्हती.