सुतळीच्या नावावरचा बलक

उकडलेल्या अंड्यातला बलक बायकोच्या नाकाखालून पळवायचा आणि आपल्या मिशीलाही कळू द्यायचं नाही, ही विद्या आमच्या पंचक्रोशीत फक्त मला येते. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली आहेत मी. केसाएवढी स्प्रिंग चिमट्यात धरलेली असताना शिंक आली, तरी स्प्रिंग सुटली नाही. तिथे बलकाची काय कथा!

झालं असं, की डॉक्टरांनी माझं रक्त तपासलं आणि बलक बंद केला. फक्त पांढरं खा म्हणाले. बायकोला तेवढंच हवं होतं. रोज सकाळी दोन अंडी उकडायची, उभी चिरायची, बलक काढून घ्यायचे आणि चार पांढऱ्या होड्या माझ्या ताटलीत सोडायच्या, हा तिचा नेम झाला. तीन दिवस मी त्या होड्या मीठमिरी टाकून वल्हवल्या. चौथ्या दिवशी मला सुतळी दिसली.

सुतळी म्हणजे आमचं मांजर. उभी राहिली की दोरी, बसली की गाठ.

"अगं, ते बलक सुतळीला घालू या. हाडं बघ कशी दिसतायत तिची."

"तुम्हाला मुक्या जनावराची एवढी माया कधीपासून यायला लागली?"

"वय झालं की येते."

बायकोने माझ्याकडे असं पाहिलं, जसं लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात पाहायची. मला थोडी लाज वाटली. पण थोडीच.

त्या दिवसापासून बलकाची बशी मागच्या गॅलरीत न्यायचं काम माझ्याकडे आलं. सोबत माझी ताटलीही न्यायचो. "तिला एकटीला जेवण जात नाही," असं सांगून. सुतळीने बलक हुंगला आणि ती त्याच्यावर पंजाने माती लोटल्यासारखं करायला लागली. मग मी एक पांढरी होडी पुढे केली. गट्टम! मिनिटभरात आमचा करार झाला. पांढरं तिचं, पिवळं माझं.

तीन आठवडे सुखात गेले. मधे रक्त पुन्हा तपासायला देऊन आलो, तेव्हा जरा धाकधूक झाली, पण त्यावर कुणी काही बोललं नाही. अडचण वेगळीच होती. सुतळी होती तेवढीच राहिली आणि माझ्या पायजम्याची नाडी आखूड पडायला लागली.

"अहो, एवढे बलक खाऊन हिच्या अंगाला कसे लागत नाहीत?"

"बांधाच तसा असेल."

"जंत झाले असतील," बायको म्हणाली आणि सुतळीला पिशवीत घालून कोपऱ्यावरच्या जनावरांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली.

दुसऱ्या सकाळी खोकतच गॅलरीत गेलो, चार दिवस खोकला काही जात नव्हता. बलकाचा जरा झणका लागला. मला वाटलं, मिरी. बशी चाटूनपुसून परत आणली.

"खाल्लं सगळं तिने?"

"बशी बघ. धुवायचीही गरज नाही."

"बरं झालं बाई. जंतांची पूड कालवली होती त्यात. कडक आहे म्हणे. पोट गडगडतं, अंगाला मुंग्या येतात, थोडे केस गळतात. मांजराचं काय, केसांना तोटा नाही."

माझ्या डोक्यावर एकूण एकोणीस केस, आणि प्रत्येकाशी माझी घरोब्याची ओळख. तासाभरात पोट असं गडगडलं, की शेजारणीने वाळत घातलेले कपडे आत नेले. खोटं नाही सांगत. कंगवा फिरवला तर त्यात दोन केस. मी तसाच जनावरांच्या डॉक्टरांकडे धावलो.

"पेशंट कुठाय?" त्यांनी विचारलं.

"आहे इथेच."

"काय आहे, कुत्रा?"

"नाही. पण घरात तसाच राहतो."

"वय?"

"अडुसष्ट."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मी सुरुवातीपासून सगळं ओकलो. ते शांतपणे ऐकत होते.

"आजोबा, मी पूड दिलेलीच नाही. मांजर ठणठणीत आहे. बाईंनी मला एवढंच विचारलं, की बलक मांजर खातं आणि लागतो मात्र नवऱ्याच्या मिशीला, हा कुठला आजार?"

घरी आलो तर बायको पेपर वाचत बसलेली.

"किती उरले?"

"सतरा."

"सुंठ होती ती. खोकला तरी गेला का?"

गेला होता. बायकोने डब्याखालून एक कागद काढून माझ्यापुढे सरकवला. रक्ताचा रिपोर्ट, आठ दिवसांपूर्वीचा. सगळं सुधारलेलं. "रोज एक अख्खं अंडं चालेल म्हणाले डॉक्टर. मी वाट बघत होते, तुम्ही आपणहून कधी सांगताय ते."

"आणि सांगितलंच नसतं तर?"

"पावशेर सुंठ आहे घरात."

दुसऱ्या सकाळी अख्खं अंडं माझ्या ताटलीत आलं, पिवळ्यासकट, राजरोस. सुतळी खुर्चीखाली येऊन बसली होती. करार तो करार, म्हणून तिच्या होड्या तिला दिल्या आणि बलक तोंडात टाकला. बायको समोर हनुवटीवर हात ठेवून कौतुकाने बघत होती.

खडू खाल्ल्यासारखं वाटलं हो.

"काय झालं? मीठ देऊ?"

"मीठ नको," मी म्हटलं. "तू जरा पाठ फिरवून बस ना."