भोंगा होईपर्यंत आभार

अगं थांब, आधी हे ऐक. आत्ता तिथूनच येतेय. मांडी घालून बस बघू, लहान मुलीसारखी, म्हणजे मला गोष्टीसारखं सांगता येईल.

एका जंगलात एक तुरुंग होता. त्याच जंगलात एक वनमैत्री मंडळ होतं. मंडळात एक खार होती, भयंकर बडबडी. ती मीच. हसू नकोस.

मंडळाने ठरवलं, संक्रांतीला कैद्यांना तिळगूळ वाटायचा. सगळे नटूनथटून निघाले. अध्यक्ष गेंडासाहेब शाल पांघरून पुढे, मी मागे. सूत्रसंचालन माझ्याकडे होतं ना.

फाटकापाशी एक म्हातारी साळिंदर बसली होती. तिचा लेक सदू आत होता, राजाच्या मळ्यातली रताळी उकरली म्हणून. डोंगर ओलांडून त्याला भेटायला आली होती. पण जेलर अस्वल म्हणाला, पाहुण्यांचा कार्यक्रम संपेपर्यंत भेटी बंद, आणि भोंगा झाला की फाटकच बंद.

मी तिला म्हटलं, "आजी, आमचं काय, दहा मिनिटांचं काम."

आजी निवांत बसली. बिचारीने मंडळांचे कार्यक्रम पाहिले नव्हते.

दीपप्रज्वलन झालं. स्वागतगीत झालं. गेंडासाहेब 'स्वातंत्र्याचं महत्त्व' या विषयावर बोलले. कैद्यांसमोर. सदू सारखा फाटकाकडे बघत होता, डोळे भरलेले. मला वाटलं, भाषण भिडलं.

मग आभार मानायला मी उभी राहिले. तेवढ्यात जेलर कानाशी आला.

"ताई, आवरा. म्हातारी थांबलीय. भोंगा व्हायला आलाय."

मी पाहिलं. गजांमधून आजीचं नाक तेवढं दिसत होतं. पण मंडपवाला कोल्हा राहिला होता, हारवाला बगळा राहिला होता, आणि गेंडासाहेब तर सगळ्यात शेवटी. मागच्या वर्षी त्यांचं नाव राहिलं, तर महिनाभर चिखलातून बाहेर आले नव्हते.

मी माईक घट्ट धरला. "आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आपले लाडके..."

भोंगा झाला.

आजीने एक पुरचुंडी फाटकाखालून आत सरकवली आणि परत निघाली. मी धावत जाऊन सदूच्या हातावर तिळगूळ ठेवला. म्हटलं, "गोड बोल हं."

तो फाटकाकडेच बघत राहिला. फोटो मात्र मस्त आलाय, दाखवते नंतर.

तात्पर्य : तुरुंगात आभार कधी अर्धवट सोडू नयेत. कैदी रुसून जाणार कुठे? अध्यक्ष रुसले तर मंडळच मोडतं.

अशी काय बघतेस? माईक तुझ्या हातात असता, तर तू काय केलं असतंस?