दांडीच्या खाडीत मुकी झालेली पोकलेन

पंचवीस नोव्हेंबर एकोणीसशे अठ्ठ्याण्णव, बुधवार, सकाळी दहा वाजता दांडीच्या खाडीत गाळ काढता काढता धर्माजीची पोकलेन थांबली. इंजिन चालू, पण मशीन ना पुढे, ना मागे. तेव्हा ओहोटी होती. दुपारनंतर भरती येणार होती.

बातमी एवढीच! पुढचं गावात जे सांगतात, ते चावडीवरचं आहे. खरं मी सांगतो, कारण मशीनवर मी होतो.

मी कमलाकांत. बोईसरला माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. सफाळ्यापासून वाणगावपर्यंत मी हात लावला आणि चालू झालं नाही असं एकही वाहन नाही. बर्फ कारखान्याची मोटर तर नुसती मला बघून चालू होते! त्यामुळे धर्माजीचा निरोप आल्यावर मी दुकानात सांगून निघालो, "जेवायला घरीच येतो."

खाडीवर पोचलो तर पोकलेन चिखलात सोंड उंचावून उभी. उत्तर येतं म्हणून हात वर करावा आणि ऐनवेळी विसरावं, तशी! काठावर धर्माजी, आणि त्याच्या शेजारी त्याची बायको साखरबाई. होडी विकून धर्माजीने मुंबईच्या व्यापाऱ्याकडून ही जुनी जपानी मशीन आणली, तेव्हापासून साखरबाई तिच्याशी सवतीसारखी वागते.

"मिस्तरी, पानी चढायच्या आत काडा तिला," धर्माजी म्हणाला. "खारं पानी आत गेलं त मी मेलो!"

"होडी इकून आनलीन," साखरबाई म्हणाली. "होडी निदान तरंगायची तरी!"

"वहिनी, अर्ध्या तासात तुमच्या दारात आणून उभी करतो!"

मी चढलो. आत ड्रायव्हर रामकिसन घामाघूम.

"मिस्त्रीजी, इंजन ठीक है, पर मशीन मानती नहीं. और ये पर्दे पे कुछ लिखके आता है."

पडद्यावर जपानी अक्षरं लुकलुकत होती. मला जपानी येत नाही, पण बिघाड कळतो. या नव्या जातीच्या मशीनमध्ये सीटमागे एक पेटी असते, तो तिचा मेंदू. पेटी आणि पडदा दोन बारीक वायरींवरून एकमेकांना खबर देत असतात. खबर थांबली की मशीन जागच्या जागी रुसते. मी सीट उचलली. पेटीच्या सॉकेटमध्ये खाऱ्या हवेने हिरवा गंज चढला होता. पॉलिश पेपरने घासला, पेट्रोलने पुसला, सॉकेट दाबून बसवलं. पडदा स्वच्छ! सोंड खाली आली! काठावर लोकांनी शिट्ट्या मारल्या.

इथे लिहून ठेवा: मशीन मी चालू केली. याला साक्षीदार आहेत!

आता तुम्ही म्हणाल, मग उतरून घरी का गेला नाहीस? अहो, कारागीर आणि नुसता टाका मारून जाणारा यांत फरक असतो की नाही? त्या दोन वायरी एकमेकींना वेणीसारख्या पिळलेल्या होत्या. आमच्या धंद्यात पिळलेली वायर म्हणजे आळशी माणसाचं काम. शिवाय त्या वायरींच्या टोकाला एक काळी टोपी अडकवलेली. तिच्यातून पुढे वायरच जात नव्हती! बिनकामाची वस्तू मला बघवत नाही. मी पीळ सोडवला, दोन्ही वायरी सरळ करून जाड वायरींच्या जुडग्याला शेजारी शेजारी बांधल्या, टेप मारली. परेडला उभ्या केल्यासारख्या दिसायला लागल्या! टोपी काढली आणि खिडकीतून खाडीत भिरकावली.

"अब चलाओ!"

रामकिसनने मशीन हळू चालवली. चालली! खूश होऊन त्याने वळवायला म्हणून रेस दिली, ती चार हात खाडीच्या मध्याकडे गेली आणि मुकी झाली. पडद्यावर आता आधीपेक्षा जास्त जपानी!

"मिस्त्रीजी, ये तो पहले से ज्यादा बोल रही है!"

"काय झालं?" काठावरून धर्माजी.

"काही नाही! चाचणी चालू आहे!"

"चाचनी खाडीच्या मधी करतात काय रं?" साखरबाई ओरडली.

आणि पाणी आलं. आधी बोटभर, मग मशीन ज्यावर चालते त्या लोखंडी चेनच्या खालच्या चाकापर्यंत. मी चिखल तुडवत गावातल्या एसटीडी बूथवर गेलो आणि मशीन विकणाऱ्या व्यापाऱ्याच्या इंजिनियरला फोन लावला.

"त्या दोन वायरींना पीळ आहे ना?" तो म्हणाला.

"होता. मी सुधारला."

तो फोनमध्येच ओरडला.

"अहो, पीळ मुद्दाम असतो! नाहीतर इंजिनाची गडबड त्यांच्यात शिरते. पुन्हा पिळा! आणि टोकाची टोपी? ती नसली तर खबर टोकाला आपटून परत येते."

"मग तसं मशीनवर लिहायचं ना!"

"लिहिलंय."

"जपानीत!" मी फोन आपटला. चूक कोणाची, तुम्हीच ठरवा!

परत येईपर्यंत धर्माजीला टोपीचा सुगावा रामकिसनकडून लागला होता. चिखलात शिवल्या, म्हणजे खाण्याच्या शिंपल्या, वेचणाऱ्या सगळ्या बायका त्याने टोपी शोधायला लावल्या. त्यांनी तासाभरात एक बॅटरीचं झाकण, दोन बाटल्यांची बुचं, अर्धी चप्पल आणि एक खेकडा आणून दिला. खेकड्याने माझं बोट तपासून पाहिलं. टोपी नाही!

पाणी चेनच्या वर आलं. धर्माजी कमरेपर्यंत पाण्यात उभा राहून मशीनच्या पत्र्यावर हात ठेवून होता. तो हात बघून मला राग आला, खाडीचा! टोपी नसेल तर नसेल. मी वायरी पुन्हा पिळल्या, त्या जाड जुडग्यापासून दूर दोन्ही हातांनी छताला धरून ठेवल्या आणि ओरडलो, "रामकिसन, रेस नको! मुंगीसारखी चालव!"

पोकलेन हलली. मागून भरती, पुढे पोकलेन. मधेच रुसली की बंद करायची, पुन्हा चालू करायची. काठाला चेन टेकली तेव्हा पाणी केबिनच्या पायरीला लागत होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोणासाठी ते मी विचारलं नाही.

ताजी स्थिती अशी. मशीन काठावर कोरडी आहे. रेस दिली की मुकी होते. नवी टोपी घेऊन सोमवारी येतो म्हणालेला इंजिनियर शुक्रवार उलटला तरी आलेला नाही. गाळाचं काम दुसऱ्याला द्यायचं का, यावर मच्छीमार सोसायटीची बैठक आहे; धर्माजी सकाळपासून तिथे बसला आहे. आणि साखरबाईने पोकलेनच्या सोंडेपासून माडापर्यंत दोऱ्या बांधून बोंबील वाळत घातले आहेत. काल मी वायरी बघायला चढू लागलो, तर तिने काठी उगारली.

"मिस्तरी, खाली उतर! बोंबील वाळल्याबिगर कोनी तिला चालू करायची नाय!"